शेवटच्या प्रकरणात आई जाते

५ जानेवारी २०२५, रविवार

गणपती झाल्यापासून एक ओळ लिहिली नाही. माफी मागायची तर कारण द्यायला हवं, आणि कारण काहीच नाही. ‘कामात होते’ असं लिहायला पेन टेकवलंही होतं — पण इथेही खोटं लिहायचं तर मग ही वही कशाला? तेव्हा माफी. विनाकारण.

आज वही उघडली ती सकाळी दारात येऊन पडलेल्या खोक्यामुळे. बेदाण्याचं खोकं, वर तासगावच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचं नाव. आई खूश! “कुणी धाडलं गं? हिरवा हाय का पिवळा?” मी दोरी कापली. आत सोळा पुस्तकं. आईनं एक उचललं, वजन बघितलं, परत ठेवलं. “ह्ये काय खायाचं?” — आणि टीव्हीपुढं जाऊन बसली.

पुस्तकं धाडली लालासाहेबांनी. कराडकडचे ऊसवाले, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आपल्या आईच्या, कै. सुलाबाईंच्या, नावानं ते दर वर्षी सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतल्या एका पुस्तकाला पुरस्कार देतात. परीक्षक तीन — एक निवृत्त प्राचार्य, एका साप्ताहिकाचे संपादक रविराज, आणि यंदा मी. वाचनालयाच्या अंकात मी पुस्तकांवर लिहिते, ते त्यांच्या वाचनात आलं असेल अशी माझी समजूत. फोनवर ती त्यांनी लगेच दूर केली. “मॅडम, एक तरी बाई पायजेच की. इषय आईचा हाय.”

सोबत नियमांचा कागद. नियम तिसरा: ‘पुस्तक लेखकाच्या दिवंगत आईविषयी असावे.’

दिवंगतच का? बरोबर आहे म्हणा. जिवंत आई उलट बोलते.

७ जानेवारी, मंगळवार

तीन झाली. मिरजेला कामावर जाता-येता बसमध्ये एक, घरी दोन.

पहिल्यातली आई पहाटे चारला उठते. दुसऱ्यातली साडेतीनला. तिसऱ्यातली तर ‘कोंबड्यालाच उठवते’. सोळाव्यापर्यंत पोचेतो आई झोपणंच बंद करणार बहुतेक.

तिघीही करपलेली भाकरी स्वतः खातात आणि चांगली मुलांना देतात. मी विचार करतेय — इतक्या भाकरी करपतात कशा? रोज? या बायकांना स्वयंपाक जमत नसावा, ही शंका एकाही लेखकाला कशी येत नाही?

आणि ‘मला भूक नाही’. हे वाक्य तिन्ही पुस्तकांत आहे. आमच्या घरात गेल्या चव्वेचाळीस वर्षांत मी ते एकदाही ऐकलेलं नाही. हे लिहितेय तोवर आतून आवाज — “दीपे, भजी कर की गं. गार पडलंय.”

केली. आईनं मोठीमोठी निवडून आधी स्वतःच्या ताटलीत घेतली. भाऊ फौजेत, त्याची बदली लांब झाली की आईचा मुक्काम माझ्याकडे. मुक्काम म्हणजे अंमल.

८ जानेवारी

चौथं. आई म्हणजे ‘चालतंबोलतं विद्यापीठ’. कुलगुरू अर्थात लेखक स्वतः.

१० जानेवारी, शुक्रवार

आजचे लेखक कंत्राटदार. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. लेखक आणि मंत्री. लेखक आणि दुसरे मंत्री. लेखक परदेशात, मागं धबधबा. आई एकाच फोटोत आहे, तीही अर्धी. उरलेल्या जागेत नवी गाडी मावायची होती.

शेवटची प्रकरणं मात्र सगळ्यांची एकाच साच्यातली. आभाळ भरून येतं. गोठ्यातली गाय हंबरते. दिवा फडफडतो. आई मुलाचा हात धरून ‘मोठा हो’ म्हणते. मुलगा तेव्हा छप्पन वर्षांचा असतो.

मी मिरजेच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड सेक्शनला आहे. आमच्याकडं मरण एका ओळीचं — वेळ, कारण, डॉक्टरांची सही. गाय हंबरल्याची नोंद अजून तरी पाहिलेली नाही.

— वरचं परत वाचलं आणि वाईट वाटलं. या माणसांच्या आया खरोखर गेल्यात. लिहिताना ती रडली असतील. मी कोण लागून गेले, भजी खात शेरे मारायला? आणि कंत्राटदाराची वीसेक पानं तर मी नुसती उलटलीच होती. परत जाऊन वाचली. काही नव्हतं त्यांत. पण आता ‘काही नव्हतं’ हे निदान वाचून म्हणतेय.

१२ जानेवारी, रविवार

सापडलं!

‘खांद्यावरचं कोकरू’. लेखक नाथाजी, साताऱ्याला कुठल्याशा कार्यालयात नोकरीला. नाव कधी ऐकलं नव्हतं. जतकडच्या माळावर मेंढरं राखणारं घर, आणि त्या घरातल्या धोंडुबाई ही त्यांची आई. ही आई उशिरा उठते! शिव्या देते — कानडीत आणि मराठीत, आळीपाळीनं. दुसऱ्याच्या रानात मेंढरं घालते आणि मालक आला की डोळ्यांनी अधू असल्यासारखं करते. पोराला काठीनं बडवते. एकदा पोर तापानं फणफणलेलं, जतला न्यायचं, एसटी थांबेना. बाईनं अख्खा कळप रस्त्यावर आडवा घातला. कंडक्टर बडबडत उतरला तर त्यालाच म्हणाली — “थांबलास तू. मी कुठं हात केला?”

हसत हसत वाचत होते. आणि मग शेवट. दीड पान. पोरगा निरोप मिळताच साताऱ्याहून निघतो, वेळेवर पोचतो. ती त्याला ओळखत नाही. मेंढरांचा गडी समजते. “पाण्यावर नेलीस का?” तो म्हणतो, नेली. ती जाते. तो बाहेर जाऊन मेंढरं मोजायला लागतो. मोजदाद चुकते. परत मोजतो, परत चुकते. संपलं. गाय नाही, दिवा नाही, ‘मोठा हो’ नाही.

रडले मी. चक्क! आई दारातून — “कांदा चिरतीयास व्हय?”

पहिला नंबर. राहिलेली चार वाचणार आहे, पण केवळ मनाला टोचणी नको म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत

राहिलेली वाचली. एका आईला ‘वटवृक्ष’ म्हटलंय आणि पुढच्याच पानावर ती वाकून पाणी भरते. निकाल बदलला नाही.

बाकीच्या दोघांना फोन केले. प्राचार्य म्हणाले, “तुम्ही वाचलंत ना? झालं तर मग.” रविराज म्हणाले, “ताई, लेखकाचं नाव तेवढं व्हॉट्सॲप करा, बातमी करून ठेवतो.” पंचवीस तारखेला कराडला बैठक. सह्यांपुरती.

लालासाहेबांना आनंद मावेना. “मेंढरामागची बाई? लय भारी! आता त्येंच्या आईचा फोटो मागवा मॅडम. मोठा सांगा. हार बसला पायजे.” मग सगळं कळलं. दोन फेब्रुवारीला सुलाबाईंचं पुण्यस्मरण. स्टेजवर सुलाबाईंचा फोटो, शेजारी त्या वर्षीच्या विजेत्याच्या आईचा. दोघींपुढं समई. विजेत्यानं आपल्या हातानं आईच्या फोटोला हार घालायचा, मगच पुरस्कार. “मागल्या साली सगळा मांडव रडला बघा!”

नाथाजींना मी कळवायचं ठरलं. फोन केला. पुरस्काराचं ऐकून “होय का? खरंच होय का मॅडम?” असं किती तरी वेळा. फोटोचं सांगितलं, तर म्हणाले, “फोटो… बघतो. सापडला तर.” फोन ठेवला.

किती हळवा माणूस! मी उगाच घाई केली.

१७ जानेवारी, शुक्रवार

टीव्हीचं रिचार्ज संपलंय. आई बेकार झालीय. “काय तरी वाच की मोठ्यानं. खोकंभर हाईत.” नाथाजींचंच घेतलं. आईचं माहेर जतकडचं, आवडेल म्हटलं. एसटीचं प्रकरण निम्म्यावर आलं आणि आई ताडकन उठून बसली.

“थांब, थांब. इष्टी आडवणारी? ही आमची धोंडी की गं!”

“कोण धोंडी?”

“माझ्या म्हायेरची. आमच्या मळ्याखाली त्येंची वस्ती. तिचा थोरला साताऱ्याला हाय. त्यानं लिवलंय व्हय? बरं लिवलंय की.”

मी जपून म्हटलं, “आई, वाईट वाटून घेऊ नको. पण शेवटी त्या जातात.”

“कुठं जाती?”

“वारतात.”

“कवा?” मीच मारल्यासारखी आई माझ्याकडं बघत होती. “अगं, दिवाळी झाल्यावर आमच्या मंगलच्या नातवाच्या जावळाला आमी शेजारीशेजारी बसलो न्हवं का! मटणाच्या तीन वाट्या वरपल्या तिनं. माझ्या वाटीतली नळी पण नेली.”

मी म्हटलं, दुसरी कुणी धोंडुबाई असेल. “दुसरी, आन इष्टी आडवणारी?” आईनं सरळ माहेरी मंगलमावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “धोंडी व्हय? आत्ता तर हितनं गेली, शेळी हुडकत.”

१८ जानेवारी, शनिवार

म्हणजे असं झालं — पंधरा आया खरोखर गेल्या, त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. आणि जी बाई शेळी हुडकत फिरतेय तिच्यासाठी रुमाल भिजवला. वा परीक्षक!

आता काय करायचं? सांगितलं तर नाथाजीचं दोन जिल्ह्यांत हसं होणार, आणि धोंडुबाई जन्मभर ‘पोरानं पुस्तकात मारलेली बाई’. नाही सांगितलं तर पंचवीस तारखेला कागदावर माझी सही, आणि दोन तारखेला जिवंत बाईच्या फोटोला हार. तोही पोटच्या पोराच्या हातानं.

मुखपृष्ठावर ‘आठवणी’ छापलंय. ‘कादंबरी’ छापलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मग हेही विचारायला हवं — रविवारी ते दीड पान सोळा पुस्तकांत सगळ्यात चांगलं होतं. आज? त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की मंगलमावशीच्या दारावरून एक बाई शेळी हुडकत गेली. मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि मी दोन जिल्ह्यांतल्या पुस्तकांना नंबर देतेय.

दुपारी नाथाजींना फोन केला. म्हटलं, “तुमच्या आई काल शेळी शोधत होत्या.”

 ते म्हणाले, “सापडली का?”

“काय?”

“शेळी.”

मी चिडले. हे काय लिहिलंत म्हणून विचारलं. म्हणाले, “मॅडम, मी तिला जिवंत ठेवूनच लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाले, शेवटाला जोर नाही. आईचं पुस्तक आहे, शेवटच्या प्रकरणात आई जायला पाहिजे. बाकी सगळ्यांच्या जातात.”

“म्हणून तुम्ही —”

“एका बैठकीत लिहून झालं. बाकीच्या पुस्तकाला वर्षं लागली.” मग हळूच, “आमचं बोलणं नाही मॅडम. लई वर्षं झाली. तिला सांगू नका.”

२० जानेवारी, सोमवार

काल आईला घेऊन जतकडं जाऊन आले. आईनंच धोशा लावला होता — “जित्या बाईला हार! चल, तिला सांगाय पायजे.” मी बजावलं, सांगायचं काही नाही, नुसतं बघून यायचं. आईनं सांगली सोडल्यापासून गाडीत मान डोलावली. आणि धोंडुबाईंच्या दारात पाय टाकताच पहिलं वाक्य — “धोंडे, तुला पोरानं मारलं की गं पुस्तकात!”

धोंडुबाई “यार री?” — कोण गं, असं कानडीत विचारत बाहेर आल्या. ठेंगण्या, गळ्यात ठुशी, दातांना मिश्री. त्यांनी ऐकलं. हळूहळू खाली बसल्या. आता काय होतंय म्हणून मी पाण्याचा तांब्या शोधतेय, तर म्हणाल्या, “कशानं मेले?”

वाच म्हणाल्या. शाळूचा हुरडा पुढं ठेवला. आणि मी त्या बाईला तिचं मरण मोठ्यानं वाचून दाखवलं. असलं काम माझ्यावर कधी आलं नव्हतं. आई मधूनमधून हुरडा चोळून देत होती.

“पाण्यावर नेलीस का?” हे वाक्य आलं आणि धोंडुबाई उखडल्या. “मी मेंढरांचं इचारीन व्हय मरताना? जल्मभर त्येंच्या मागं पळून पाय गेलं माझं! मरताना मी नाथ्याला दोन शिव्या घालीन. ह्ये खोटं हाय.”

“बाकी खरं आहे का?” मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं —

“त्यो रडतुय का त्यात?”

“रडत नाही. बाहेर जाऊन मेंढरं मोजतो. मोजदाद चुकते. परत मोजतो.”

धोंडुबाई बोटानं मिश्री लावत होत्या. हातातली मिश्री तशीच राहिली. “ल्हानपणापास्नं असंच,” म्हणाल्या. “रडाय आलं की कायतरी मोजीत बसायचा.” मग एकदम — “सुनंचं नाव हाय का पुस्तकात?”

“नाही.”

“झ्याक.”

भांडणाची हकिगत त्यांनीच सांगितली. नाथाजींनी त्यांना साताऱ्याला फ्लॅटवर नेलं होतं, तिसऱ्या मजल्यावर. यांनी घोंगडं धुतलं आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकलं. पाणी खालच्या मजल्यावर, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांवर. सोसायटीत बोभाटा. नाथाजी म्हणाले, “आई, हितं असं चालत न्हाई.” एवढंच! दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत बाई पहिल्या गाडीनं परत. नाथाजी स्टँड, दवाखाने, पोलीस स्टेशन हुडकत फिरले. शेवटी इथं आले तर आई दारात बसून कालवण-भाकरी खातेय. सगळ्या वस्तीपुढं ओरडले — “आता मेलीस तरी येनार न्हाई!” धोंडुबाई म्हणाल्या, “नगं येऊ.” दोघंही शब्दाला पक्के.

मी ते दीड पान परत उघडलं. पुस्तकात तो येतो. वेळेवर.

आईनं हाराचंही सांगून टाकलं. तिच्या पोटात काही राहणार नव्हतंच. “अगं, समई लावणार, हार घालणार, आन त्यो नाथाच घालणार! चल, आमी सांगतो त्येंना, धोंडी जिती हाय म्हणून.”

“सांगितलं तर इनाम मिळंल का त्याला?”

मी म्हटलं, नाही. नियमात बसत नाही.

“मग सांगू नगा.”

“धोंडे!” आई ओरडली.

“तू गप गं रंगे. त्येनं येवढं बसून लिवलंय.” मग माझ्याकडं वळून, अगदी कामाचं बोलल्यासारखं — “पोरी, दोन तारकंपतोर मी घरातनं भाईर पडत न्हाई. कुणी इचारलं तर मंगलला सांगून ठेवते, धोंडी कुठं दिसली न्हाई म्हणावं. फोटो धाडते त्याला. ठुशीतला हाय, चांगला आलाय. आन हार शेवंतीचा घाला म्हणावं. झेंडू मला आवडत न्हाई.”

एवढ्यात शेळी हुरड्यात घुसली. तिला कानडीत ज्या काही शिव्या मिळाल्या, त्या माझ्या आईलासुद्धा ऐकवेनात. निदान तसं तिनं दाखवलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज काम सुचलं नाही. दोन फायली चुकीच्या रॅकवर लावल्या.

सोळा पुस्तकांतल्या आयांनी ताटातली भाकरी सोडली म्हणून मी हसले. ही बाई जिवंत असणं सोडायला निघालीय, दोन तारखेपर्यंत, आणि अटीवर — शेवंती! हे कुणी पुस्तकात लिहिलं असतं तर मी शेरा मारला असता: ‘पटत नाही.’

सही केली तर तिनं दिलेलं घेतलं असं होईल. नाही केली तर तिनं दिलेलं फेकून दिलं असं. आणि यात नाथाजीला काही विचारलेलंच नाही. तिला सांगू नका म्हणाला होता, ते आईनं मोडलं. आता तिला कळलंय हे त्याला सांगणं तरी मला भाग आहे. की हेही मी स्वतःचं मन हलकं करायलाच करतेय?

आईला विचारलं. “लय इचार करतीस तू. म्हणून तुजी भाजी करपती.”

२२ जानेवारी, बुधवार

नाथाजींना फोन केला. माझ्या पदरचं काही घातलं नाही. धोंडुबाई जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं — सांगू नगा, भाईर पडत न्हाई, फोटो धाडते, शेवंतीचा हार.

त्यांनी एवढंच विचारलं — “झेंडू नको म्हणाली?”

“हो.”

“बरं.” ठेवला फोन.

‘बरं’ म्हणजे काय? हार घालणार? मला राग आला. मग वाटलं, राग यायचा मला काय हक्क? पुस्तक आवडलं ते मलाच. फोटो मागितला तोही मीच.

२३ जानेवारी, गुरुवार

लालासाहेबांचा फोन. “मॅडम, फोटो अजून आला न्हाई. मांडववाला ठरला, आचारी ठरला, हारवाल्याला दोन मोठं झेंडूचं हार सांगितल्यात.”

“त्यातला एक शेवंतीचा सांगा,” मी म्हटलं.

म्हणजे मी सही करणार आहे? हे मला फोन ठेवल्यावर कळलं!

मोठी आले मनाशी घोळत बसणारी. ठरवून टाकलं ते हारवाल्याच्या गडबडीत. वर लालासाहेब खूश — “बघा, बाई परीक्षक असली की असं बारीक ध्यान असतंय!”

२४ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात नाथाजींचा फोन. मागं शेळ्या ओरडत होत्या. “मॅडम, माझं पुस्तक काढून घ्या. घरी आलोय मी.” आणखी काही बोलणार होते, पण मागून धोंडुबाई, फोन नसता तरी मिरजेपर्यंत ऐकू आल्या असत्या इतक्या मोठ्यानं — “आता कशाला आलास रं? इनाम गेलं की तुझं!”

उद्या: बैठकीत नाथाजींचं पुस्तक मागे घेतल्याचं सांगणे. कारण विचारलं तर — लेखकाची आई बरी आहे.